क्रीटची रानफुलं बघायला जाताना: बेत कसा आखायचा, कुठे आणि कसं शोधायचं

क्रीटहून परतलेल्या मंडळींची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. "फोटोत होतं तसं काहीच दिसलं नाही, सगळं करपलेलं." मग जरा खोदून विचारलं की कळतं, मेच्या अखेरीस गेले होते, मुक्काम समुद्राकाठच्या हॉटेलात होता आणि डोंगराच्या वाट्याला जेमतेम एक दिवस आला. क्रीट ग्रीसचं सर्वांत मोठं बेट आहे. तिथे 1,700 हून अधिक जातींच्या रानवनस्पती आहेत आणि त्यांतल्या साधारण दहातली एक जगात दुसरीकडे कुठेच नाही. तरी चुकीच्या आठवड्यात, चुकीच्या उंचीवर गेलात तर हाती काटेच लागतात. म्हणून हा लेख नुसत्या कृतीचा आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नका. पुढचा प्रत्येक निर्णय आधीच्या निर्णयावर उभा आहे.

## टप्पा 1: डोक्यातला मोसम उलटा करा

आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर आणि फुलं त्याच्या मागोमाग. कास पठार बघितलेल्या माणसाच्या डोक्यात हे गणित पक्कं बसलेलं असतं. भूमध्य समुद्रात ते चालत नाही. क्रीटला पाऊस हिवाळ्यात पडतो, ढोबळपणे ऑक्टोबर ते मार्च. उन्हाळा कोरडा ठणठणीत. वनस्पती पहिल्या पावसाला जाग्या होतात, थंडीत पानं वाढवतात, वसंतात फुलतात आणि जूनपर्यंत बी टाकून किंवा कंदात शिरून झोपी जातात. आपला एप्रिल-मे म्हणजे रानाचा विश्रांतीचा काळ, त्यांचा जुलै-ऑगस्ट.

वर्षाचा क्रम साधारण असा धरा:

- ऑक्टोबर-नोव्हेंबर: पहिल्या पावसानंतर पिवळी स्टर्नबर्गिया, शरदातले क्रोकस आणि कोल्चिकम. मोजकी पण सुरेख फुलं, गर्दी नाही.
- डिसेंबर-फेब्रुवारी: सखल भागात ॲनेमोनी, नार्सिसस, मँड्रेक. जानेवारीपासून जायंट ऑर्किड, म्हणजे हिमांटोग्लोसम रॉबर्टियानम.
- मार्च ते एप्रिलचा मध्य: सखल आणि मधल्या पट्ट्यातल्या ऑर्किडांचा भर. सोबत बुटका निळा-जांभळा क्रेटन आयरिस आणि पांढरा रॅननक्युलस.
- एप्रिलचा मध्य ते मेचा मध्य: डोंगरी पठारांवर ट्युलिप, रानात पांढरा पिओनी, रस्त्याकडेला गुलाबी क्रेटन एबनी, भिंती-कड्यांवर पेट्रोमारुला.
- मे-जून: फक्त उंच डोंगरात, वितळत्या बर्फाच्या कडेने.
- ऑगस्ट-सप्टेंबर: वाळूत पँक्रेशियम, म्हणजे समुद्री डॅफोडिल, आणि माळावर पानांशिवाय उभे राहिलेले रानकांद्याचे पांढरे दांडे.

हा शेवटचा रानकांदा आपल्या कोलकांद्याच्या वंशातलाच. तसंच, उन्हाळ्यात क्रीटच्या ओढ्यांच्या पात्रांतून गुलाबी फुलणारं झुडूप बघून नव्या जातीच्या आनंदात राहू नका. ती आपली कण्हेर. फरक इतकाच, की तिथे ती रानात आपोआप उगवते.

सावधान: मुलांच्या परीक्षा एप्रिलमध्ये संपतात म्हणून बहुतेक मराठी कुटुंबं मेच्या मध्यावर निघतात. याला खरंच पर्याय नसेल तर मेच्या पहिल्या आठवड्यात जा आणि सारा वेळ 800 मीटरच्या वर काढा. मेच्या शेवटच्या आठवड्यात फुलांसाठी क्रीट नको. समुद्रासाठी खुशाल जा.

## टप्पा 2: काय बघायचंय ते आधी, तारखा नंतर

"सगळं बघायचंय" हे उत्तर इथे चालत नाही. दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

एक म्हणजे गालिचे. खसखशीच्या वंशातली लाल पॉपी, पिवळी-पांढरी क्राउन डेझी, ऑलिव्हच्या झाडांखालचा पिवळाधमक सडा. हे सखल भागात, शेतांच्या कडेला, मार्च-एप्रिलमध्ये सहज दिसतं. त्यासाठी अभ्यास लागत नाही.

दुसरं म्हणजे बेटाची खास फुलं. ती गालिच्यात येत नाहीत. ती कड्याच्या भेगेत, काटेरी झुडपाच्या पोटात, एखाद्या नांगरलेल्या पठारावर असतात. एकेकटी किंवा पाच-दहाच्या घोळक्यात. त्यांच्यासाठी चालावं लागतं, गुडघे टेकावे लागतात.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी डोळे मिटून 10 ते 22 एप्रिल सांगेन. ऑर्किड संपलेले नसतात, ट्युलिप आलेले असतात, पॉपी अजून तग धरून असते. फक्त ऑर्किडांसाठीच जायचं तर मार्चचा शेवटचा आठवडा ते एप्रिलचा पहिला. पिओनी आणि एबनी हवी तर एप्रिलच्या शेवटी. पण मग सखल भागातल्या ऑर्किडांवर पाणी सोडा.

एक दिनदर्शिका हमखास विसरली जाते: ऑर्थोडॉक्स ईस्टर. आपल्या कॅलेंडरातला गुड फ्रायडे आणि तिकडचा गुड फ्रायडे बहुतेक वर्षी वेगळे असतात. 2027 मध्ये त्यांचा ईस्टर 2 मे रोजी आहे. त्या आठवड्यात अथेन्सचं अर्धं शहर गावी जातं, विमानं आणि बोटी भरतात, दोन-तीन दिवस दुकानं बंद असतात. शाकाहाऱ्यांना मात्र ईस्टरआधीचे उपवासाचे आठवडे सोयीचे. मांस, अंडी, दूध नसलेल्या जेवणाला तिथे "निस्तीसिमा" म्हणतात. तो शब्द पाठ करून ठेवा, पण मागवण्याआधी कोळंबी-माकूळ नाही ना हे विचारा. त्यांच्या उपवासाला ते चालतात.

## टप्पा 3: उंचीचा हिशेब मांडा

साऱ्या सहलीची किल्ली इथे आहे. बेट पूर्व-पश्चिम सुमारे 260 किलोमीटर लांब, पण रुंदी 12 ते 60 किलोमीटर एवढीच. तेवढ्या रुंदीत जमीन समुद्रसपाटीपासून थेट 2,400 मीटरच्या वर चढते. प्सिलोरितिसचं शिखर 2,456 मीटर, लेफ्का ओरी या डोंगररांगेतलं पाख्नेस 2,453. म्हणजे एका दिवसात, तासा-दोन तासांच्या प्रवासात, तुम्ही मे महिन्यातून मार्चमध्ये जाऊ शकता.

एकाच जातीचं फूल शंभर मीटर वर चढलं की साधारण तीन-चार दिवस उशिरा उमलतं, असा कच्चा हिशेब धरा. समुद्राकाठी जानेवारी-फेब्रुवारीत आटोपलेला ॲनेमोनी डोंगरी पठारावर एप्रिलमध्येही भेटतो, तो यामुळेच.

त्यात तीन दुरुस्त्या करा:

1. दक्षिण किनारा पुढे असतो. डोंगर उत्तरेचा वारा अडवतात, ऊन जास्त. तिथला मोसम लवकर सुरू होतो, लवकर संपतो.
2. पश्चिम ओली, पूर्व कोरडी. हानियाच्या बाजूला पाऊस बराच जास्त पडतो. सिटिया-झाक्रोसकडचा मोसम आखूड असतो. एप्रिलच्या शेवटी जाणाऱ्याने पूर्व टोकासाठी दिवस घालवू नयेत.
3. उताराची दिशा बघा. एकाच टेकडीचा दक्षिण उतार वाळलेला आणि उत्तर उतार भरात, असं सर्रास दिसतं.

आणि आफ्रिकेकडून येणारा उष्ण धुळीचा वारा. तो दोन दिवस वाहिला तरी किनाऱ्यावरची पॉपी मान टाकते. अशा वेळी हॉटेलात बसून हळहळू नका, गाडी काढा आणि 400 मीटर वर जा.

तपासणी: निघण्याआधी कागदावर तीन पट्टे लिहा: 0-300, 300-800 आणि 800 च्या वर. तुमच्या तारखांना प्रत्येक पट्ट्यात काय असेल ते समोर मांडा. एखादा पट्टा रिकामा राहिला तर तिथे मुक्काम ठेवू नका.

## टप्पा 4: कागदपत्रं, गाडी, सामान

यावर फार शाई घालवत नाही, पण क्रम पाळा.

व्हिसा. ग्रीस शेंगेनमध्ये आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. एप्रिलसाठी डिसेंबर-जानेवारीतच अपॉइंटमेंट घ्या, कारण नंतर सगळा देश उन्हाळी सुट्टीच्या रांगेत उभा राहतो. प्रौढांची फी 90 युरो. प्रवास विमा किमान 30,000 युरोंच्या वैद्यकीय संरक्षणाचा लागतो. युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींना हा ताप कमी, पण त्यांनी वेगळी गोष्ट बघावी: अनेक शहरांहून क्रीटची थेट उड्डाणं एप्रिलमध्ये सुरू होतात. त्याआधी बहुधा अथेन्समार्गे जावं लागतं.

गाडी. बसने शहरं जोडलेली आहेत, फुलं नाहीत. गाडी हवीच. आपल्या लायसन्ससोबत आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं आहे. डोंगरातले किलोमीटर मॅपवर दिसतात त्याहून लांब वाटतात, म्हणून ॲप एक तास म्हणालं तर दीड धरा. रस्त्यात शेळ्या असतात आणि वळणावर फूल दिसलं म्हणून ब्रेक मारणारे आपल्यासारखे पर्यटकही असतात. वळणावर थांबू नका. पुढे जाऊन गाडी लावा, चालत मागे या. पेट्रोल शहरातच भरून घ्या.

सामान. दहापट भिंग, छोटी दुर्बीण, दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा, गुडघ्याखाली घ्यायला फोमचा तुकडा, वही. आरसा कशाला ते पुढे येईल. पूर्ण लांबीची जाड पँट घ्या. तिथल्या माळावरच्या बुटक्या काटेरी झुडपांच्या रानाला "फ्रिगाना" म्हणतात आणि त्यात हाफ पँट घालून शिरलेला माणूस पाच मिनिटांत बाहेर येतो. पठारांवर एप्रिलमध्येही थंडी असते, म्हणून वाऱ्याचं जॅकेट लागतं. कागदी नकाशा घ्यायचा तर अनावासी या ग्रीक प्रकाशनाचे पदभ्रमणाचे नकाशे चांगले. शिवाय ऑफलाइन नकाशा फोनवर उतरवून ठेवा.

सावधान: सामारिया दरी साधारण 1 मेला उघडते आणि ऑक्टोबरअखेर बंद होते. एप्रिलच्या बेतात सामारिया लिहिली असेल तर आत्ताच खोडा. तिच्या डोक्यावरचं ओमालोस पठार मात्र बंद नसतं. दरीच चालायची हौस असेल तर आठ किलोमीटरची इंब्रोस आहे.

## टप्पा 5: मुक्काम तीन, रस्ता खालून वर

सगळी चूक इथे होते. लोक एकाच ठिकाणी आठवडाभराचं हॉटेल घेतात आणि रोज तीन-चार तास गाडीत बसतात. नऊ-दहा दिवसांसाठी तीन मुक्काम पुरतात. खालून सुरुवात करा, कारण खालचंच आधी संपतं. वरच्यासाठी थांबलात तर नुकसान नाही, फायदाच.

पहिला मुक्काम, दोन रात्री: हेराक्लिओजवळ. शहरात न राहता दक्षिणेला अर्खानेस गावात राहिलात तर युख्तास डोंगर दाराशी येतो. उंची 811 मीटर, वरपर्यंत रस्ता. चुनखडीच्या उतारांवर ऑर्किडांच्या अनेक जाती. पहिल्या दिवशी इथे डोळा तयार करून घ्या.

दुसरा मुक्काम, तीन-चार रात्री: स्पिली. रेथिम्नोपासून सुमारे 30 किलोमीटर दक्षिणेला. इथून गेराकारीच्या रस्त्यावर गिउस कांबोस नावाचं पठार लागतं. एकच जागा बघायला मिळेल असं कुणी बजावलं तर मी हीच निवडेन. शेतात लाल रानट्युलिप, ट्युलिपा डोर्फ्लेरी, आणि भोवतालच्या खडकाळ माळावर ऑर्किड. ट्युलिप शेतकऱ्याच्या पिकात वाढतात. नांगरट होते म्हणूनच ते तिथे टिकले आहेत. कंद खोल असतो, फाळ त्याला पोचत नाही आणि वरची स्पर्धा मात्र साफ होते. कासला कुंपण, तिकीट आणि आखलेली वाट असते. इथे काही नाही. म्हणजे कुठवर जायचं ते तुम्हीच ठरवायचं: बांधावर उभं राहा, पिकात पाऊल टाकू नका. बांधावरूनही फूल हातभर अंतरावर असतं. स्पिलीहून एक दिवस दक्षिण किनाऱ्याला ठेवा.

तिसरा मुक्काम, तीन-चार रात्री: हानियाच्या डोंगराकडची बाजू. हानियाहून लाक्की गावावरून ओमालोस सुमारे 40 किलोमीटर, उंची हजार मीटरच्या वर. इथला ट्युलिप वेगळा: फिकट गुलाबी-जांभळा आणि आत पिवळाजर्द, ट्युलिपा साक्साटिलिस. पठाराच्या कडेला बर्फ वितळला असेल तिथे क्रोकस सीबेरी बघा. पांढरा, बाहेरून जांभळी छटा, गळ्याशी पिवळा. बर्फाची कड जशी वर सरकते तसा तोही वर सरकतो, म्हणून बर्फाच्या कडेपासून खाली वीस-तीस मीटरचा पट्टा शोधा. एप्रिलच्या शेवटी असाल तर झाडीत पांढऱ्या पिओनीची चौकशी स्थानिकांकडे करा.

तपासणी: रोज सकाळी विचारा, काल जे फूल पूर्ण उमललेलं दिसलं ते किती मीटरवर होतं? कळ्याच दिसल्या असतील तर आज खाली जा. शेंगा धरलेल्या दिसल्या तर वर. बेत यावर हलवा, हॉटेलच्या सोयीवर नको.

## टप्पा 6: जागेवर पोचल्यावर कसं शोधायचं

गाडीतून उतरून लगेच चालायला लागू नका. उभ्या जागी पाच मिनिटं पायाखाली बघा. पहिला ऑर्किड दिसेपर्यंत एकही दिसत नाही. तो एकदा दिसला की आजूबाजूचे दहा दिसू लागतात. बरेचसे वीतभर उंचीचे आणि मातकट रंगाचे असतात.

कुठे बघायचं:

- जुन्या, पडीक पायऱ्यांची शेतं. खत-औषध नाही, चराई माफक.
- रस्त्यासाठी कापलेल्या चुनखडीच्या कडा. क्रेटन एबनीचे चंदेरी पानांचे गुलाबी झुपके इथेच.
- काटेरी झुडपांच्या बुडाशी. मेंढीचं तोंड पोचत नाही तिथे फूल वाचतं.
- उभे कडे आणि जुन्या भिंती. रेथिम्नोच्या व्हेनेशियन किल्ल्याच्या दगडांतही पेट्रोमारुलाचे निळे तुरे दिसतात, डोंगर चढायची गरज नाही.
- दाट सावलीचे ओलसर कोपरे. पांढरं, सुवासिक क्रेटन सायक्लमेन तिथे.

कुठे वेळ घालवू नये, तेही सांगतो. माळभर ॲस्फोडेलचे उंच पांढरे-गुलाबी तुरे दिसले की फोटोला जागा झकास, पण बाकी शोधात अर्थ नसतो. शेळ्या-मेंढ्या ॲस्फोडेलला तोंड लावत नाहीत, बाकी सगळं खातात. तो एकटाच माजलेला असणं ही अतिचराईची खूण आहे. तीच गोष्ट ऑलिव्हखालच्या लिंबासारख्या पिवळ्या गालिच्याची. पान बघा: तीन बदामी दलं, चव आंबट. आपल्या आंबुशीची थोराड बहीण, ऑक्झालिस पेस-काप्री. मूळची दक्षिण आफ्रिकेची. तिच्या छोट्या कंदिका मातीतून पसरतात, म्हणून अशा जागेतून डोंगरात जाण्याआधी बुटांची माती झाडा.

सावधान: कुरणांची फाटकं बहुधा तारेने किंवा दोरीने बांधलेली असतात. उघडलंत तर तसंच परत बांधा. आधीच उघडं असेल तर उघडंच ठेवा. मधाच्या पेट्यांच्या रांगेसमोरून जाऊ नका, मागून वळसा घाला. माणसाच्या जिवाला धोका होईल असा साप क्रीटवर नाही, पण गोचिड्या असतात. संध्याकाळी पायांवर बघून घ्या. कड्यावरच्या फुलासाठी चढायचं नाही, त्यासाठी दुर्बीण आणली आहे. आपत्कालीन नंबर 112.

## टप्पा 7: ओळख पटवण्याची रीत

ॲपला फोटो दाखवायचा आणि पहिलं नाव लिहून घ्यायचं, ही रीत टाका. आधी स्वतः चार गोष्टी बघा: फुलामागे हिरवी बाह्यदलं आहेत का, दांड्यावर पानं कशी बसली आहेत, कळी ताठ की झुकलेली, आणि उंची किती मीटर.

सर्वांत जास्त गोंधळ मोठ्या लाल-गुलाबी वाटीसारख्या फुलांत होतो. फूल न तोडता, मान वाकवून त्याच्या पाठीमागे बघा.

- ॲनेमोनी कोरोनारिया: फुलाखाली हिरवी बाह्यदलं नाहीत. त्याऐवजी दांड्यावर थोडं खाली झालरीसारख्या चिरलेल्या पानांचं एक कडं. मध्ये काळसर निळा गोळा. रंग लाल, जांभळा, गुलाबी, पांढरा, काहीही.
- पॉपी: चारच पाकळ्या, चुरगळलेल्या रेशमासारख्या. शेजारची कळी मान खाली घातलेली आणि केसाळ. फूल उमलताना कळीची दोन हिरवी दलं गळून पडतात.
- रॅननक्युलस एशियाटिकस: पाकळ्यांखाली हिरवी बाह्यदलं ठळक, पाकळीला वार्निश लावल्यासारखी चकाकी. क्रीटवर पांढरा, गुलाबी, पिवळा.

हे तीन सुटले की निम्मं काम झालं.

ऑर्किड, म्हणजे आपल्या आमरीची भावंडं, पण इथली सगळी जमिनीवर वाढणारी. त्यांतला ऑफ्रिस हा वंश खरा चकवा. त्याचा खालचा ओठ मादी मधमाशीसारखा दिसतो, गंधही तसा. नर फसून त्यावर बसतो आणि परागकणांची गाठोडी घेऊन जातो. ओठ नीट बघा:

- ऑफ्रिस क्रेटिका: काळपट मखमली ओठ आणि त्यावर इंग्रजी एचसारखी पांढरी नक्षी.
- ऑफ्रिस टेंथ्रेडिनिफेरा: चौकोनी ओठ, भोवती पिवळसर केसाळ किनार, मागची दलं गुलाबी.
- ऑफ्रिस इरिकलर: ओठावर निळा धातूसारखा चमकता पट्टा. पण खात्री खालून होते. ओठाची खालची बाजू लालसर असते, जवळच्या फुस्का जातीची हिरवट. इथे आरसा वापरायचा. फुलाखाली धरा, ओठ बोटाने उचलू नका. तो देठापासून सहज तुटतो.

ऑर्किस वंश त्यामानाने सोपा. ऑर्किस इटालिकाच्या दाट गुलाबी तुऱ्यातलं एकेक फूल हातपाय पसरलेल्या माणसासारखं, खाली पानांच्या कडा नागमोडी. ऑर्किस क्वाड्रिपंक्टाटा नाजूक, ओठाच्या मुळाशी बहुधा चार गडद ठिपके.

ऑफ्रिसच्या नावांवर तज्ज्ञांचं एकमत नाही. एक जण ज्याला वेगळी जात म्हणतो, त्याला दुसरा उपजात म्हणतो. म्हणून वहीत नावापुढे प्रश्नचिन्ह टाकायला लाजू नका. ओठाचा, बाजूचा, पानांचा आणि पूर्ण झाडाचा असे चार फोटो असले की नाव नंतरही ठरवता येतं. ॲपमध्ये स्थान "क्रीट" आहे ना ते बघा, नाहीतर ते बिनदिक्कत मध्य युरोपातली जात सुचवतं.

एप्रिलच्या अखेरीस ओढ्याकाठी सडक्या मांसाचा वास आला तर नाक दाबून पुढे जाऊ नका. ड्रॅक्युन्क्युलस असेल: फूटभर लांब काळपट-जांभळं पर्ण आणि त्यातून वर आलेला काळा दांडा. शेवळं निवडलेल्या कुणालाही त्याचं कुळ लगेच ओळखू येईल. माश्यांना बोलावण्यासाठीचा तो वास एखाद्या दिवसाचाच असतो. वास नसला तर तुम्ही उशिरा आलात.

सावधान: गावातल्या बायका सुरीने रानभाजी खुडताना दिसतील. तिला तिथे "होर्ता" म्हणतात. ती खाणावळीत उकडून, ऑलिव्हचं तेल आणि लिंबू पिळून मिळते, तिथेच खा. स्वतः खुडू नका. मँड्रेकच्या पानांचं चक्र त्याच माळावर असतं आणि ते विषारी आहे.

## टप्पा 8: फोटो, पण फुलाला न दुखवता

क्रोकस, ॲनेमोनी आणि ट्युलिप रात्री मिटतात, ढगाळ हवेतही मिटलेलेच राहतात. पहाटे सहाला पठारावर पोचून उपयोग नाही. दहा ते बारा ही त्यांची वेळ. ऑर्किड मिटत नाहीत, त्यांना सकाळचं किंवा संध्याकाळचं मऊ ऊन द्या. पँक्रेशियमसाठी संध्याकाळ, कारण त्याचा सुगंध तेव्हाच दरवळतो.

कॅमेरा फुलाच्या उंचीला आणा. त्यासाठी गुडघा टेकायचा, पण टेकण्याआधी तिथे काय आहे ते बघायचं. मोठ्या ऑर्किडभोवती नुसत्या पानांची पिल्लं असतात आणि ती बीपासून फुलायला अनेक वर्षं घेतात. फोटोत नको म्हणून भोवतालचं गवत उपटणं हा तर सर्वांत वाईट प्रकार. आडवं आलेलं पातं बोटाने बाजूला धरा, फोटो झाला की सोडा. ऊन फार कडक असेल तर टोपीची सावली पुरते.

## टप्पा 9: नोंद आणि परतीची तयारी

रोज रात्री वहीत चार रकाने भरा: जात, उंची, जमीन-उतार, अवस्था (कळी, भर, शेंग). पुढच्या वेळी जाणाऱ्याला हीच वही कामाची, फोटो नव्हे.

आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकत असाल तर दुर्मीळ ऑर्किड आणि ट्युलिपांचं नेमकं स्थान झाकण्याचा पर्याय निवडा. व्हॉट्सॲप ग्रुपवर लोकेशन पिन टाकू नका. कंद खणून नेणारे लोक आहेत.

1 मेला ग्रीक घरांच्या दारांवर रानफुलांची वर्तुळाकार तोरणं लागतात. ते बघून आपणही मूठभर तोडावीत असं वाटेल. साधी डेझी वेगळी, पण खास फुलांना ग्रीक कायद्याचं संरक्षण आहे. ऑर्किडांवर तर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंधही आहेत.

विमानतळावर जाण्याआधी शेवटची तपासणी, याच क्रमाने:

1. बुटांचे तळवे घासून धुवा. पँटच्या दुमडीतली कुसळं आणि बिया काढा.
2. वहीच्या पानांत दाबून ठेवलेलं फूल, खिशातली शेंग, मुलांनी गोळा केलेला "कांदा" शोधून काढा आणि तिथेच टाका. भारतात कंद, रोप, बियाणं आणायला आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं.
3. बाजारातून घेतलेला वाळवलेला दिक्तामो, म्हणजे ओरेगॅनोच्या वंशातल्या क्रीटच्या खास वनस्पतीची पानं, सीलबंद पाकिटात आणि बिलासह ठेवा. विचारलं तर वनस्पतीजन्य वस्तू म्हणून सांगा. सुटी पुडी घेऊ नका.
4. फोटोंची दुसरी प्रत घ्या, मगच कार्ड रिकामं करा.